कापसाच्या खोलीत डीसीचा डबा नको

पत्र:

स. न. वि. वि. मी अमळनेर तालुक्यातली प्राथमिक शिक्षिका. आमच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा आहे, मागचा जुना धाब्याचा. सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉटचं सोलर घ्यायचं ठरलं आहे. ५४० वॉटची सहा पॅनल स्लॅबवर आणि इन्व्हर्टर मागच्या खोलीत, कारण तिथे थंडावा असतो. वायर वीस-पंचवीस मीटर लागेल म्हणतात. दोन कोटेशन आली आहेत. महागात ‘डीसीडीबी, एसीडीबी, एसपीडी, १५ अँपिअर फ्यूज’ असं लिहिलं आहे, स्वस्तात नुसतं ‘एमसीबी’. फरक साडेसहा हजारांचा. माझे दीर वायरिंगची कामं घेतात. ते म्हणतात, एमसीबी ती एमसीबी, मीच दुकानातून आणून बसवतो. सासरे, नाना, विचारतात, ‘इतला खर्च कसाले?’ गेल्या वर्षी पलीकडच्या गल्लीत एकाचा सोलरचा डबा जळाला, तेव्हापासून मला धास्ती वाटते. मागच्या खोलीत दिवाळीनंतर भाव येईपर्यंत आमचा कापूस भरलेला असतो. नेमकं काय घ्यावं?

उत्तर:

ताई, तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात ते कापसाचं वाक्य माझ्या मनातून जाईना. एमसीबी कोणती, फ्यूज किती अँपिअरचा, हे सगळं सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करा. इन्व्हर्टर आणि त्याचे दोन्ही डबे, म्हणजे पॅनलकडून येणाऱ्या डीसी विजेचा डीसीडीबी आणि घराकडे जाणाऱ्या एसी विजेचा एसीडीबी, त्या मागच्या खोलीत लावायचे नाहीत. वर लाकडी तुळया, खाली छातीइतका कापूस आणि भिंतीवर तीनशे व्होल्ट डीसीचा डबा, हे एका खोलीत नकोच. डबा कितीही चांगला घेतला तरी नको. पुढे ओट्यावर उत्तरेकडची भिंत असेल, जिथे ऊनही येत नाही आणि पावसाची झडही लागत नाही, तिथे लावा. वायरही त्यामुळे निम्म्यावर येईल. ती वायर धाब्यावरून किंवा तुळयांमधून न नेता स्लॅबच्या बाहेरच्या भिंतीवरून पाइपातून खाली उतरवून घ्या.

आता तुमच्या दिरांचं म्हणणं. ते कामातले आहेत, त्यामुळे त्यांना हे वाचायला द्या, त्यांना लगेच पटेल. घरातली एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा स्विच, एसीसाठी, म्हणजे महावितरणकडून येणाऱ्या विजेसाठी केलेली असते. एसीचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनं करतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. एमसीबी पडते तेव्हा आतले कॉन्टॅक्ट दूर होतात आणि मधल्या फटीत ठिणगीचा पूल उभा राहतो. प्रवाह शून्यावर आला की तो पूल विझतो. पॅनलमधून येणारा डीसी शून्यावर येतच नाही. ऊन आहे तोवर तो त्या फटीतून ढकलत राहतो आणि पूल पेटलेलाच राहतो. म्हणून डीसीच्या एमसीबीत ठिणगी ओढून तिचे तुकडे करणारी वेगळी रचना असते, बऱ्याच जातींत त्यासाठी चुंबकही असतं.

पारोळ्याच्या बाजूला एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. कोणीतरी पॅनलच्या वायरीवर साधी घरगुती ३२ ची एमसीबी बसवली होती. दीड वर्ष काही झालं नाही, कारण दीड वर्ष तिला कोणी हात लावला नव्हता. इन्व्हर्टर पुसायचा म्हणून घरमालकांनी भर दुपारी दांडी खाली केली. डब्यातून गुणगुण ऐकू आली, फटीतून निळसर पांढरा उजेड दिसला आणि प्लॅस्टिक थेंबाथेंबाने खाली गळू लागलं. दांडी खालीच होती, पण प्रवाह चालूच होता. मुलाने गच्चीवर धावत जाऊन पॅनलवर ताडपत्री टाकली तेव्हा ते थांबलं. मी गेलो तेव्हा ती एमसीबी अजून भिंतीवर होती, एक बाजू कोळशासारखी, दुसऱ्या बाजूवर छापलेलं ‘२३०/४००’ स्पष्ट वाचता येत होतं. त्या आकड्यांच्या शेजारी एक नागमोडी रेघ होती. ती रेघ म्हणजे एसी. डीसीची खूण सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. दुकानात हीच खूण बघायची. अनेक घरगुती एमसीबी एका पोलवर फार तर ४८ ते ६० व्होल्ट डीसी तोडू शकतात, आणि तुमच्या वायरीत त्याच्या पाचपट व्होल्ट असणार.

पाचपट कसे, तेही बघा. ५४० वॉटच्या पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे त्याला काहीही जोडलेलं नसतानाचं, साधारण ४९.५ असतं. सहा पॅनल एकामागोमाग एका ओळीत जोडली की २९७. हा आकडा २५ अंश तापमानाचा. पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, दर अंशाला सुमारे ०.२७ टक्के. आपल्याकडे हिवाळ्यातली सकाळ आठ-दहा अंशांवर येते. हिशोबाला ५ अंश धरले तर २० अंशांची घट, म्हणजे ५.४ टक्के वाढ, म्हणजे ३१३ व्होल्ट. म्हणून एमसीबी किमान ५०० व्होल्ट डीसीची, दोन पोलची, आयईसी ६०९४७-२ असं छापलेली. प्लस एका पोलमधून, मायनस दुसऱ्यातून. काही एमसीबींवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. अशा एमसीबीत वायर उलट लागली तर आतलं चुंबक ठिणगीला नेमकं चुकीच्या दिशेला ढकलतं आणि महागाची एमसीबीही घरगुतीसारखीच जळते. वायर कोणत्याही बाजूने लावली तरी चालणारी एमसीबी मिळते, तीच मागा. कामाच्या घाईत माणूस चुकू शकतो, त्यासाठी शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

आता एक गोष्ट, जी बसवणारेही बऱ्याचदा सांगत नाहीत. डीसीकडची ही एमसीबी शॉर्ट झाल्यावर पडेल, असं धरून चालू नका. तुमच्या पॅनलचा चालू प्रवाह १३ अँपिअरच्या आसपास आणि पूर्ण शॉर्ट केलं तरी १३.९ च्या आसपास. फरक अँपिअरभराचा. महावितरणच्या लाइनवर शॉर्ट झालं की शेकडो अँपिअर येतात, एमसीबी ताडकन पडते. पॅनल तेवढे देऊच शकत नाही. २० किंवा २५ अँपिअरच्या एमसीबीला १३.९ म्हणजे नेहमीचंच काम वाटतं. म्हणजे तुमच्या एका ओळीच्या सोलरमध्ये ही एमसीबी हाताने सुरक्षित बंद करण्याचं बटण आहे, पहारेकरी नाही. बऱ्याच इन्व्हर्टरना खालच्या बाजूला डीसीचा गोल फिरवायचा स्विचही असतो, तोही तेच काम करतो.

मग पहारा कोण करतं? वायरचं इन्सुलेशन आणि जोड. म्हणून सोलरचीच दुहेरी इन्सुलेशनची ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर घ्या, घरगुती वायर उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते. पॅनलच्या वायरी जोडणारे एमसीफोर कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे हवेत. एका कंपनीचा नर आणि दुसरीचा मादी ‘बसतो की’ म्हणून दाबून बसवतात, आणि तोच जोड पुढे तापतो. त्याचं क्रिम्पिंग, म्हणजे वायरीवर त्याचं टोक दाबून बसवणं, पकडीने करू देऊ नका, त्यासाठी वेगळं हत्यार असतं. ते बसवणाऱ्याच्या पेटीत आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारा. आणि इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी पॅनलच्या वायरीचं इन्सुलेशन स्वतः तपासतो. पडद्यावर कधी ‘आयसोलेशन फॉल्ट’ असं आलं, तर दोनदा बंद-चालू करून ते घालवू नका. कुठेतरी वायर सोलली गेली आहे किंवा कनेक्टरात पाणी शिरलं आहे, असा तो निरोप असतो.

महागाच्या कोटेशनवर माझा एक आक्षेप आहे. ‘१५ अँपिअर फ्यूज’. ही ओळ जुन्या कोटेशनवरून जशीच्या तशी उतरली असावी. ३३० वॉटच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट प्रवाह नऊ-साडेनऊ अँपिअर असायचा, त्याला १५ चा फ्यूज बरोबर होता. तुमच्या पॅनलचा १३.९ आहे. फ्यूज त्याच्या दीडपट तरी हवा, म्हणजे २०.८ च्या वर. उन्हाळ्यात दुपारभर १३ अँपिअर वाहून नेणारा १५ चा फ्यूज उडण्याआधीच होल्डरसकट शिजतो. त्या गल्लीतला डबा का जळाला ते मला माहीत नाही, पण मी उघडलेल्या जळक्या डब्यांत विरघळलेला फ्यूज होल्डर वारंवार पाहिला आहे.

खरं तर तुम्हाला या फ्यूजची गरजच नाही. फ्यूज लागतो तो पॅनलच्या ओळी एकमेकींना समांतर जोडल्या असताना. एक ओळ बिघडली की बाकीच्या ओळी आपला प्रवाह उलटा तिच्यात ओततात. दोन ओळी असतील तर एकीचा १३.९ दुसरीत येईल, तेवढा पॅनल सोसतं. तीन असतील तर दोघींचा मिळून जवळपास २८ येतो, आणि अशा पॅनलच्या लेबलवर कमाल फ्यूज सहसा २५ लिहिलेला असतो. तिथून फ्यूज आवश्यक होतो. तुमची ओळ एकच. फ्यूज काढला तर दोन होल्डर आणि चार जोड कमी होतात, आणि कमी जोड म्हणजे तापायच्या कमी जागा. तपासणीला लागतो म्हणून बसवणारा अडून बसला, तर २५ अँपिअरचा, ‘जीपीव्ही’ ही सोलरच्या फ्यूजची खूण छापलेला, पॅनलच्या लेबलवरच्या आकड्यापेक्षा मोठा नाही, असा लावून घ्या. आणि तो ऊन असताना कोणीही उपसून काढायचा नाही.

उन्हाचं वेगळं बोलायला हवं, कारण या वस्तू ज्या तापमानावर तोलून तयार होतात ते खानदेशातलं नव्हे. घरगुती जातीच्या एमसीबीवरचा अँपिअरचा आकडा ३० अंशांचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन खात असलेल्या बंद प्लॅस्टिकच्या डब्यात दुपारी तीन वाजता ६० अंश सहज असतात. तिथे १६ ची एमसीबी १३-१४ च्या वर टिकत नाही. म्हणून लोक तक्रार करतात, की ‘हिवाळ्यात नीट चालतं, उन्हाळ्यात दुपारीच पडतं.’ मग कोणीतरी येऊन ३२ ची लावून देतो, एमसीबी पडायची थांबते आणि वायर तापायला लागते. त्यापेक्षा डबा सावलीत लावा, एक मापाने मोठा घ्या, आणि आतल्या एमसीबी एकमेकींना खेटून न लावता मध्ये बोटभर जागा सोडायला सांगा. वायर डब्यात वरून नको, खालून, वायर घट्ट धरणाऱ्या ग्लँडमधून आली पाहिजे. वरून आली की वळवाचं पाणी वायरीबरोबर आत उतरतं.

वळवाचा विषय निघालाच आहे, तर एसपीडी. महागाच्या कोटेशनमधली ही ओळ कापू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून येतं, कडकडाट होतो. वीज थेट तुमच्या घरावर पडायची गरज नाही. जवळपास पडली तरी गच्चीवरच्या लांब वायरीत क्षणभर हजारो व्होल्ट उठतात आणि इन्व्हर्टरचा बोर्ड जातो. एसपीडी तो लोंढा अर्थिंगमध्ये वळवतो. डीसीकडे टाइप २, ६०० व्होल्टची घ्या. ‘जास्त ते चांगलं’ म्हणून हजार व्होल्टची देतात, पण तुमचं व्होल्टेज ३१३ आहे. मोठ्या आकड्याची एसपीडी उशिरा जागी होते, तोवर इन्व्हर्टरपर्यंत जास्त व्होल्ट पोचतात. पॅनल ते इन्व्हर्टर वायर १० मीटरपेक्षा जास्त होत असेल तर एक एसपीडी गच्चीवर आणि एक इन्व्हर्टरजवळ हवी. इन्व्हर्टर ओट्यावर आला की कदाचित एकीवरच भागेल, ते टेप लावून मोजा. घरावर वीजरोधक दांडा असेल आणि पॅनल त्याला खेटून असतील तर टाइप १ लागते. एसी बाजूला टाइप २, ३२० व्होल्टची घ्या. २७५ ची मिळते, पण खेड्यातल्या डीपीवर रात्री व्होल्टेज वर चढतं, तिथे ३२० ची जास्त टिकते.

एसपीडीची वायर अर्धा मीटरच्या आत, सरळ, ६ चौरस मिलिमीटर तांब्याची. सुबक दिसावं म्हणून ती गुंडाळी करून बांधतात, आणि त्या गुंडाळीतच तिचं निम्मं काम वाया जातं. तिच्यावर एक छोटी खिडकी असते. हिरवी म्हणजे जिवंत, लाल म्हणजे तिने तुमच्यासाठी मार खाल्ला आणि आता ती मेली, बदला. प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्या खिडकीकडे बघायचं काम नानांकडे द्या.

एसी बाजू तुमच्या दिरांच्या ओळखीची आहे. ३ किलोवॉटला २३० व्होल्टवर १३ अँपिअर होतात, आणि ते तासन्तास वाहतात. म्हणून सव्वापट धरून २० अँपिअर, दोन पोल, सी कर्व्ह, आयएस/आयईसी ६०८९८. मात्र दोन गोष्टींत वायरमन चुकतात. पहिली, इन्व्हर्टरची वायर घरातल्या बोर्डात जिथे जागा दिसेल तिथे खोचतात. समजा घराची मेन ३२ ची आहे आणि सोलर तिच्या पुढे, घराच्या बाजूला जोडलं. उन्हाळ्यात कूलर, मोटर, मिक्सर सगळं चाललं, तर ३२ मीटरकडून आणि १३ सोलरकडून, म्हणजे बोर्डाच्या पट्टीत ४५ अँपिअर आणि मेनला त्याचा पत्ता नाही. सोलर मेनच्या आधी, मीटरच्या बाजूला जोडलं की घरात जाणारा सगळा प्रवाह त्या ३२ च्या डोळ्यांखालून जातो.

दुसरी आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे किंवा माणसातून गळली की पुरवठा तोडणारा स्विच. घरासाठी ३० मिलीअँपिअरची, टाइप ए, ती हवीच, घरात वयस्कर माणूस आहे. पण इन्व्हर्टर तिच्यामागे जोडू नका. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये पॅनलपासून जमिनीकडे थोडा प्रवाह नेहमी झिरपतो, दव पडलं किंवा पाऊस झाला की वाढतो. मग पहाटे विनाकारण आरसीसीबी पडते आणि चिडून कोणीतरी ती कायमची काढून टाकतं. सोलरच्या स्वतःच्या वाटेवर आरसीसीबी लावायची का, १०० ची की ३०० ची, टाइप ए की बी, हे इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. त्याप्रमाणेच करा.

अर्थिंगचे खड्डे तिन्ही वेगळे असतील: पॅनलच्या सांगाड्याला, एसीला, वीजरोधकाला. आपली काळी जमीन ओली असताना उत्तम अर्थिंग देते, आणि मेमध्ये तिला भेगा पडल्या की सळईभोवतीची माती सुटते. म्हणून मोजणी पावसाळ्यात झाली असेल तर उन्हाळ्यात पुन्हा करून घ्या, ५ ओहमच्या आत यायला हवी, आणि खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता.

दिवाळीला नाही, तर पुढच्या उन्हाळ्याच्या आधी एकदा सगळे स्क्रू पुन्हा आवळून घ्या. योजनेत पुरवठादाराने पाच वर्षं देखभाल करायची असते, या कामाचा त्यात स्पष्ट उल्लेख लिहून मागा.

बंद करायचा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून डब्याच्या दारावर चिकटवा: आधी एसीची एमसीबी, मग डीसी. सुरू करताना उलट. लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो, खांबावर चढलेल्या वायरमनला त्यामुळे धोका राहत नाही. पण गच्चीवरून येणाऱ्या वायरीत ऊन असेपर्यंत तीनशे व्होल्ट असतातच, लाईट असो नसो. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी, आणि वाईट प्रसंग आला तर अग्निशमनवाल्यांना पहिलं वाक्य ‘वर सोलर आहे’ हेच सांगायचं.

नानांना सांगा, ३ किलोवॉटला सरकार ७८,००० रुपये अनुदान देतं, आणि साडेसहा हजारांचा हा प्रश्न त्या खोलीत भरलेल्या कापसाचा आहे. काय ते त्यांना बरोबर कळेल. दिरांना बाजूला ठेवू नका. बसवणाऱ्या माणसाबरोबर त्यांनाच उभं करा, प्रत्येक एमसीबीवरची रेघ त्यांना वाचू द्या.

महागाचं कोटेशन घ्या, पण सही करण्याआधी त्यात डीसी एमसीबीचे व्होल्ट, फ्यूज ठेवलाच तर त्याचा आकडा, एसपीडीचा प्रकार आणि डब्याची जागा लिहून घ्या. मी वर दिलेले आकडे ५४० वॉटच्या साधारण पॅनलचे आहेत, तुमच्या कंपनीचे थोडे वेगळे असतील. पॅनलच्या मागच्या लेबलचा आणि इन्व्हर्टरच्या बाजूच्या पट्टीचा फोटो या सदराच्या पत्त्यावर पाठवा. त्यावरून हिशोब पुन्हा मांडून कळवतो. तोवर दिरांना साध्या एमसीबीची खरेदी करू देऊ नका.